अंथरुणे कोणी घालावयाची?

गेल्या पौषात पाच-सहा दिवस केमला राहण्याचा योग आला. करमाळा तालुक्यातील हे गाव बाहेरच्या लोकांस ठाऊक असते ते तेथील कुंकवामुळे आणि उत्तरेश्वराच्या देवळामुळे. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील प्रवाशांस ते कुर्डुवाडीच्या अलीकडचे एक लहान स्थानक म्हणून खिडकीतून दिसते. प्रस्तुत लेखकाचे ते मूळ गाव. घरात त्या दिवसांत लहानथोर मिळून अकरा माणसे होती. रात्रीची जेवणे आटोपली, पुरुषमंडळी ओसरीवर ऊस आणि निवडणुका या दोन विषयांत गढून गेली, आणि थोरल्या वहिनींनी कोणी न सांगता अंथरुणे घालावयास प्रारंभ केला. दररोज दिसणारी गोष्ट मनुष्य पाहत नाही. मी पाहुणा असल्यामुळे ती पाहिली.

झोपण्याच्या बाबतीत माणसाच्या आवडीनिवडी किती हट्टी असतात याची कल्पना त्या अर्ध्या तासात आली. दादांना खाली सतरंजी आणि अंगावर घोंगडी लागते. गादीवर त्यांची पाठ दुखते. धाकट्यास दोन उश्या, त्यांतील एक पोटाशी धरावयास. पुतण्यास सोलापुरी चादर पायाकडून दुमडून आत खोचलेली हवी आणि तीवर बाजारातले गुबगुबीत मिंक ब्लँकेट. आत्याबाईंचे डोके दक्षिणेकडेच झाले पाहिजे, मग त्यासाठी सगळी रांग फिरवावी लागली तरी चालेल. एका मुलास भिंतीकडची जागा, दुसऱ्यास पंख्याखालची, तीही पौषात! मला उशी पातळ लागते, हे तीस वर्षांपूर्वीचे माझे म्हणणे वहिनींच्या ध्यानात होते. अकरापैकी दहा जणांच्या निद्रेचा तपशील त्यांना मुखोद्गत होता. मी सहज ओसरीवर विचारले, 'वहिनी स्वतः काय पांघरतात?' दादा, दोन मुले, पुतण्या यांपैकी कोणासही उत्तर देता आले नाही. एक जण म्हणाला, 'जे उरेल ते पांघरत असेल.' सर्वजण हसले, मीही हसलो.

त्या हसण्याची लाज वाटून हा लेख लिहीत आहे. विषय क्षुल्लक आहे असे काही वाचकांस वाटेल. वस्तुतः घरातील न्याय-अन्यायाचा हिशेब ताटात जितका दिसतो तितकाच अंथरुणात दिसतो, फरक इतकाच की ताटाविषयी आपण अलीकडे बोलू लागलो आहोत.

आपल्याकडील अंथरुणा-पांघरुणाला प्रतवारी पूर्वीपासून आहे. जावई आणि व्याही आले की कपाटावरची गादी खाली उतरावयाची, घरच्यांना वाकळ, गड्याला गोठ्याशेजारी पटकूर. घोंगडीला मात्र या उतरंडीत एक चमत्कारिक स्थान होते. लोकरीला विटाळ नाही अशी समजूत असल्यामुळे सोवळ्यातल्या आजीची धाबळी आणि रानातल्या मेंढपाळाचे घोंगडे ही एकाच कुळातली. ही घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची. सनगर मंडळी ती खड्ड्याच्या मागावर विणतात आणि चिंचोक्यांची खळ देऊन ताठ करतात. नवी घोंगडी अंगाला टोचते, पण पावसाचा थेंब चटकन आत शिरू देत नाही आणि थंडीत ऊब सोडत नाही. आता मेंढी पाळावयाची ती मटणासाठी. त्यामुळे अंगाने मोठी पण लोकरीला उणी अशी माडग्याळी मेंढी अनेक कळपांत आली, आणि दख्खनी मेंढीची लोकर कातरण्याची मजुरीही सुटेना म्हणून मेंढपाळ ती टाकून देऊ लागले. दादांची घोंगडी वीस वर्षांची आहे. ती फाटल्यावर तशी दुसरी सहज मिळेल असे त्यांना स्वतःलाही वाटत नाही.

गोधडीची कथा निराळी. ती विकत घेण्याची वस्तू नव्हे. उन्हाळ्यात, सुगी संपून पेरणी सुरू होण्यापूर्वीच्या मोकळ्या दिवसांत, आयाबाया जुनी लुगडी व धोतरे धुऊन, एकावर एक पसरून, कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत येत. आजीचे लुगडे, काकांचे धोतर, कोणा गेलेल्याचा सदरा, सारे त्यात. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत. अंगावर चिंध्यांचे पांघरूण असलेला तो पुरुष गावे झाडीत हिंडला, यापेक्षा त्या वस्त्राचा मोठा गौरव शोधून सापडणार नाही. आज गोधडी मागे पडली ती केवळ नव्या पिढीच्या नखऱ्यामुळे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा नायलॉनच्या साडीची गोधडी शिवून पाहावी. थर एकमेकांवरून सरकतात, टाका धरत नाही, घाम टिपला जात नाही. सुती लुगडे गेले तेव्हाच गोधडीचे भवितव्य ठरले.

सोलापूरच्या चादरीविषयी लिहावयाचे तर स्वतंत्र लेख लागेल. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहरात जे हात आणले त्यांतून ही चादर घडली; जेकार्डाच्या मागावर विणलेली, एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूस उलट्या रंगांत उमटणारी, वर्षानुवर्षे धुतली तरी न विरणारी. तिला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तरीही पानिपतकडचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो ही तक्रार संपलेली नाही. कायद्याने नाव राखता येते, गिऱ्हाइकाचे बोट राखता येत नाही, आणि ते बोट आज मिंककडे वळते. त्या पॉलिस्टरच्या ब्लँकेटवर वाघ असतो, गुलाब असतो, ते हलके असते आणि स्वस्त मिळते. त्याचा तिरस्कार करण्याचे मला कारण नाही. पुतण्याच्या बायकोने मला सांगितले, 'काका, ओली वाकळ पिळून बघा एकदा, मग बोला.' पाणी प्यालेली गोधडी उचलावयास दोन बायका लागतात. गोधडीवर हळवे लेख लिहिणारे बहुधा पुरुष असतात आणि ती धुणाऱ्या स्त्रिया, ही गोष्ट मला त्या क्षणी प्रथमच उमगली. मीही असा एक लेख पूर्वी लिहिलेला आहे.

तेव्हा प्रश्न गोधडी की ब्लँकेट हा नाही. ज्याला जे रुचेल ते त्याने पांघरावे. प्रश्न असा की आपल्या आवडीचा भार आपण कोणाच्या कंबरेवर घालतो. जमिनीवर अंथरूण घालणे म्हणजे प्रत्येक वेळी वाकणे. अकरा अंथरुणे रात्री घालावयाची, पहाटे काढावयाची, घड्या घडवंचीवर रचावयाच्या, पुन्हा रात्री उतरावयाच्या. वहिनींचे वय साठीच्या पुढे आहे.

'बायकांना त्याची सवय असते,' असे उत्तर मिळते. सवय असते हे खरे. पण ती पुरुषांनाही असते, फक्त उंबऱ्याबाहेर. आषाढीच्या वाटेवर पाहावे. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आमच्याच करमाळा तालुक्यातून पंढरीस जाते. त्या दिंड्यांतील वारकरी मुक्कामाला पोचला की आपली पथारी आपण टाकतो आणि पहाटे आपण गुंडाळतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली व पुढे जागोजागी वसतिगृहे काढली. त्यांत सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली आणि आपली कामे आपल्या हातांनी करून शिकली. अशा वसतिगृहांत वळकटी घेऊन गेलेले कितीतरी विद्यार्थी पुढे शिक्षक झाले, कारकून झाले; त्यांतील काही जण हे वाचीतही असतील. त्यांनी स्वतःशी आठवून पाहावे. सुट्टीत घरी गेल्यावर तीच वळकटी आईने सोडली की त्यांनी?

रेल्वेचाही दाखला देता येईल. एके काळी होल्डॉल हा प्रवासाचा अविभाज्य भाग होता. पुढे वातानुकूलित डब्यात चादर-ब्लँकेट रेल्वेच देऊ लागली, तेव्हा तो माळ्यावर गेला. मार्च 2020 मध्ये साथीमुळे ही सोय थांबली आणि दोन वर्षांनी पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात भलेभले साहेब घरून चादर नेऊन बर्थवर आपल्या हाताने पसरीत होते. कोणाचे काही बिघडल्याचे ऐकिवात नाही.

परदेशांकडे पाहावे तर तेथे ही गोष्ट निरनिराळ्या युक्त्यांनी सोपी केलेली दिसते. जपानात आपल्यासारखीच जमिनीवर गादी घालतात आणि सकाळी ती भिंतीतल्या कपाटात सारतात; म्हणजे वाकणे तेथेही आहे. जर्मनीत व उत्तर युरोपात नवरा-बायकोची पांघरुणे पुष्कळदा स्वतंत्र असतात आणि ओढाओढीचा प्रश्नच मिटतो. इंग्रज मनुष्य चादर, ब्लँकेट आणि वरची सुजनी असा तीन थरांचा पलंग दररोज खोचून काढीत असे. 1964 साली टेरेन्स कॉनरन यांनी लंडनच्या आपल्या नव्या दुकानात पिसांची एकच जाड दुलई विकावयास ठेवली, तिचा एक मोठा गुण म्हणजे पलंग झटक्यात आवरता येतो. त्याच देशातील किंग्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 साली असेही मांडले की सकाळी अंथरूण लगेच न आवरता उघडे राहू दिले तर त्यातील ओल सुकते व धुळीतले सूक्ष्म किडे तग धरीत नाहीत. आळशी मुलांनी हे वाक्य पाठ करून ठेवावे. मात्र आमच्या आजीने वाकळा उन्हात टाकण्याचा जो नेम चालविला होता त्यात याहून निराळे शास्त्र नव्हते.

माझे म्हणणे मर्यादित आहे. सात वर्षांवरील प्रत्येक धडधाकट माणसाने आपले अंथरूण आपण घालावे आणि आपण काढावे. आजारी, अतिवृद्ध आणि तान्ही मुले यांना यातून वगळावे. पाहुण्यालाही वगळू नये, असे माझे मत आहे, जरी ते आपल्या आतिथ्याच्या कल्पनेस मानवणारे नाही. दादांना हे बोललो तेव्हा ते म्हणाले, 'अरे, तिला विचार की! तिलाच नको असेल.' मी विचारले. वहिनी म्हणाल्या, 'भावजी, तुम्ही चार दिवसांनी जाल. मग?' या 'मग'ला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माझी चादर घडी करावयास घेतली तर त्यांनी ती हातातून काढून घेतली; माझी घडी वाकडी होते आणि वाकड्या घडीवर पुढचा ढीग कोसळतो, हे त्यांचे कारण खरे होते. तिसऱ्या दिवशी त्या उठण्यापूर्वी मी उठलो. माजघराच्या कोपऱ्यात, दाराच्या फटीतून वारा येतो तेथे, त्या झोपल्या होत्या. अंगावर घरातले सर्वांत जुने, एका बाजूने उसवलेले दुपटे होते, आणि ते त्यांच्या पायांपर्यंत पुरत नव्हते. मी ओसरीवरचे माझे ब्लँकेट आणून त्यांच्या पायांवर घातले आणि माझ्या चादरीची घडी करीत बसलो. ती चार वेळा उलगडून पुन्हा घालावी लागली.