संक्षेप आणि संग्रह

गेल्या दिवाळींत खालापुरास आमच्या घरीं एक लहानसा प्रयोग झाला. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटतें. आमच्या कै. मातुःश्रींनीं जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या १९८६ सालीं कॅसेटवर उतरून घेतल्या होत्या. पुढें एका दुकानांतून त्यांची एमपीथ्री करून आणली, आणि आतां फीत कशाला, म्हणून आम्हीं ती टाकून दिली.

सुदैवानें त्याच फितीची दुसरी प्रत कर्जतला आमच्या भगिनीकडे सांपडली. नातवानें ती संगणकावर घेऊन तिचीं चार रूपें केलीं: वेव्ह, फ्लॅक, सेकंदास ३२० किलोबिटांची एमपीथ्री व ३२ किलोबिटांची एमपीथ्री. मग आम्हां सर्वांस डोळे मिटून बसविलें, आणि कोणतें रूप चालू आहे हें न सांगतां एकेक ऐकविलें.

पहिल्या तिहींत आम्हांस तिळमात्र भेद कळला नाहीं. हा साठी उलटलेल्या कानांचा दोष म्हणावा, तर सूनबाईसही तो कळला नाहीं. चौथें रूप लागतांच मात्र ती म्हणाली, “बांगड्या कोठें गेल्या?” जात्याची घरघर होती, शब्दही होते, पण खुंटा फिरवितांना होणारी बांगड्यांची किणकिण पाण्याखालून यावी तशी येत होती. दुकानांतून आणलेली प्रत लावून पाहिली, तों तिचीही तीच गत! इतकीं वर्षें आम्हीं तीच जपून ठेविली होती.

याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या मापानें प्रत्येक सेकंदास ध्वनीचीं ४४,१०० मापें घेतात. दोन्ही कानांचीं मिळून मिनिटास सुमारें १० मेगाबाइट जागा लागते. वेव्हमध्यें हीं मापें बहुधा जशींच्या तशीं असतात. एमपीथ्रीच्या कर्त्यांनीं मात्र कानाच्या एका दौर्बल्याचा उपयोग केला. आषाढांत आमच्या कौलांवर पाऊस कोसळूं लागला म्हणजे भिंतीवरील घड्याळाची टिकटिक ऐकूं येत नाहीं. घड्याळ तर चालूच असतें. असा झांकलेला ध्वनि साठवावयाचा कशाला, हा त्यांचा विचार. जागा पुरेशी असली तर हा त्याग कळत नाहीं. फार अपुरी पडली तर ऐकूं येणारेंही कापावें लागतें, आणि तीक्ष्ण, बारीक नाद प्रथम बळी पडतात.

२००१ सालीं आलेल्या फ्लॅकची रीत निराळी. पाणिनीनें ‘अच्’ म्हटलें कीं सर्व स्वर आले. संक्षेप झाला, पण एकही वर्ण गळला नाहीं. फ्लॅकही पुढील माप मागच्यांवरून अदमासून केवळ फरक लिहून ठेवतें आणि ऐकतेवेळीं मूळ जसेंच्या तसें उभें करतें. एमपीथ्री ही परीक्षेच्या आदल्या रात्रींची सारांशाची वही. तिच्यावरून मूळ ग्रंथ पुन्हां लिहितां येत नाहीं. एमपीथ्रीची मागाहून फ्लॅक केली तरी गेलेलें परत येत नाहीं.

म्हणून वाचकांस विनंती एवढीच: प्रवासांत ऐकण्यास चांगली एमपीथ्री खुशाल घ्यावी, पण घरांतील वडीलधाऱ्यांचा आवाज फ्लॅकमध्यें, दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावा, आणि मूळ फीत कदापि टाकूं नये.

भगिनीनें आपली कॅसेट आमच्या हवालीं करण्याचें साफ नाकारलें. त्यांत तिचें कांहीं चुकलें असें आम्हांस वाटत नाहीं.