घर सर्वांचे, सल्लाही सर्वांचा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही मराठी म्हण तुम्ही ऐकली असेल. ही दोन कामे किती कठीण आहेत, हे ज्याने केली त्यालाच कळते, असा तिचा अर्थ. विद्यार्थी मित्रांनो, ही म्हण ऐकली की डोळ्यांसमोर एकटा घरमालक उभा राहतो. पण आपल्या वस्त्यांत घर एकटा माणूस बांधत नाही. सारे कुटुंब बांधते.

मालेगाव, भिवंडी ही यंत्रमागांची शहरे पाहा. येथील पुष्कळ कुटुंबांना एकदम पूर्ण घर बांधणे परवडत नाही. आधी पत्र्याची एक खोली होते. थोडे पैसे जमले की विटांची भिंत उठते. पुढे कधीतरी स्लॅब पडतो. या सर्व वर्षांत रोजचे जगणे थांबत नाही. अब्बा पाळी संपवून येतात आणि विटा उतरवून घेतात. अम्मी घरचा स्वयंपाक करता करता मिस्तरी आणि मजुरांचा चहा करते. मुले वाळू चाळतात. मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, तेव्हा तो सुटीचा दिवसही बांधकामात जातो.

काही पालक म्हणतात, “हे गवंड्याचे काम. मुलांनी विटा-मातीत हात कशाला घालावा? त्यांनी आपला अभ्यास करावा.” त्यांची काळजी मला समजते, पण त्यांचे म्हणणे मला पुरते पटत नाही. या कामातही अभ्यास आहे. खोलीचा कोपरा काटकोनात आहे की नाही, हे मिस्तरी कसे पाहतो? तो कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर आणि दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर खूण करतो. दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट भरले, तर कोपरा काटकोनात आहे. हाच तुमच्या भूमितीच्या पुस्तकातला पायथागोरसचा सिद्धांत! भिंत सरळ उभी आहे का, हे तो ओळंब्याने पाहतो. ओळंबा म्हणजे उर्दूतील साहूल. विटांच्या भिंतीसाठी एक घमेले सिमेंटला सहा घमेली वाळू घेतली, तर ते १:६ हे गुणोत्तर झाले. इमारत, नकाशा, हिशेब, मजूर, कारागीर हे शब्द तर तुम्हाला शिकवावेच लागत नाहीत. ते उर्दूतही आहेत आणि मराठीतही.

आता पाण्याचे पाहा. सिमेंट वाळून घट्ट होते, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि त्या क्रियेने ते घट्ट होते. म्हणून नवी भिंत आणि नवा स्लॅब निदान ७ दिवस, जमल्यास त्याहून अधिक दिवस, सतत ओला ठेवावा लागतो. पाणी कमी पडले तर चांगले सिमेंट वापरूनही काम कच्चे राहते. म्हणजे पाणी मारणे हे हलके काम नाही. घराची मजबुती त्यावर अवलंबून आहे.

आणि येथेच मला एक गोष्ट स्पष्टपणे सांगायची आहे. हे पाणी मारण्याचे काम अनेक घरांत मुलीकडे येते. मोजमापाची फीत मात्र मुलाच्या हातात असते. मिस्तरीशी बोलायला अब्बा आणि भाईजान जातात. खिडकी कोणत्या भिंतीत काढायची, ओट्याची उंची किती ठेवायची, संडासाचे दार कोणत्या बाजूला उघडायचे, हे सारे पुरुषच ठरवतात. ज्या बाईला त्या ओट्याशी रोज कित्येक तास उभे राहायचे आहे, तिला कोणी विचारत नाही. आपा भिंतीला पाणी मारते, पण तिला अभ्यासाला कोणता कोपरा मिळणार, याचा विचार नकाशात नसतो. काम सर्वांचे आणि निर्णय दोघांचा, हे मला न्यायाचे वाटत नाही. उर्दूत आपण मशवरा म्हणतो, मराठीत सल्लामसलत म्हणतात. ती घरातल्या सर्वांशी झाली पाहिजे.

यात फक्त न्यायाचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचाही आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे मरण पावली. तेथील घरांच्या भिंती दगड-मातीच्या, जाड आणि जड होत्या. वर मातीचे जड छत होते. दगड एकमेकांना नीट बांधलेले नव्हते, म्हणून भिंती कोसळल्या आणि झोपलेली माणसे त्यांखाली गाडली गेली. नंतर काही गावे नव्याने वसवली गेली. इतर असंख्य गावांत कुटुंबांनी सरकारी मदत घेऊन आपली घरे स्वतः दुरुस्त केली किंवा पुन्हा बांधली. त्या वेळी गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. भूकंपात टिकणारे घर कसे बांधावे, भिंतींना आडवे पट्टे देऊन त्या एकमेकींशी कशा बांधाव्यात, मदतीचे पैसे कसे मिळतात, हे त्यांनी घरोघरी समजावून सांगितले. ज्या बायकांना बांधकामातले काही कळत नाही असे मानले जात होते, त्यांनीच हे ज्ञान गावात पोचवले. मग आपल्या घरातल्या अम्मीला आणि आपाला ते का कळणार नाही?

मुलांनो, कामात हातभार लावा असे मी म्हणतो, पण त्याला मर्यादा आहे. माझ्या वर्गातील नववीची एक मुलगी महिनाभर पहिल्या तासाला उशिरा येत होती. घरी स्लॅब पडला होता आणि सकाळी पाणी मारायचे काम तिचे होते. तिचा मोठा भाऊ वेळेवर येत असे. तिच्या वडिलांना भेटून मी एवढेच विचारले, “दोघांनी एकेक दिवस वाटून घेतला तर?” त्यांना ते लगेच पटले. घर काही महिन्यांनी पूर्ण होईल, पण बुडालेले तास परत येत नाहीत. तसेच परांचीवर चढणे, विजेच्या तारांना हात लावणे, जड गोण्या उचलणे ही कामे मुलांची नव्हेत. सिमेंटच्या एका गोणीचे वजन ५० किलो असते, हे विसरू नका.

मग तुम्ही काय करावे? खर्चाची एक वही घाला. विटा किती आल्या, वाळू किती आली, मिस्तरीला किती मजुरी दिली, हे रोज लिहा. ती वही घरातल्या सर्वांना पाहता येईल अशा जागी ठेवा. हिशेब उघडा असला की मने स्वच्छ राहतात. पाणी मारायची पाळी भाऊ-बहिणींनी वाटून घ्या. नकाशाचा कागद आणून तो सर्वांसमोर पसरा. अम्मीला विचारा, “उजेड कोठून यायला हवा?” दादीला विचारा, “पायरी किती उंच चालेल?” आपाला विचारा, “तुझे टेबल कोठे ठेवायचे?” आणि त्या जे सांगतील ते मिस्तरी येण्याआधी नकाशावर लिहून ठेवा. भिंत उठल्यावर खिडकी हलवणे फार महाग पडते.