पवईकरांनो, टीबीची गोळी मध्येच सोडू देऊ नका!

तुमच्या घरात, शेजारी, कामाच्या जागी कुणी टीबीची औषधं घेतंय? मग हे आजच वाचा आणि त्यांनाही वाचून दाखवा.

दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंग भरू लागतं. गोळ्यांनी मात्र मळमळतं, लघवी केशरी होते, कामाचे खाडे पडतात. 'आता बरा आहे की मी!' म्हणत माणूस गोळ्यांचं पाकीट कपाटावर टाकतो. फुप्फुसात उरलेले चिवट जंतू पुन्हा वाढतात आणि त्याच गोळ्यांना दाद देईनासे होतात.

हे थांबवणं तुमच्या हातात आहे. रोज समोर बसून गोळी द्या. मळमळ झाली, अंधुक दिसलं, हातापायांना मुंग्या आल्या, तर लगेच डॉक्टरांना सांगा. मनाने औषध बंद करू नका. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर केमिस्टकडून अँटिबायोटिक आणू नका, थुंकी तपासून घ्या.

जानेवारी २०१२ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडियांच्या चमूने १२ रुग्णांची माहिती जगापुढे ठेवली. त्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. असा जंतू हवेतून पसरतो. फुलेनगरच्या उतारावरची खोली आणि हिरानंदानीतला फ्लॅट, त्याला सारखेच. ज्या लेकराने आयुष्यात एकही गोळी चुकवली नाही, त्यालाही तो थेट गाठतो.

म्हणून कामवाल्या ताईंना, ड्रायव्हरदादांना टीबी झाला, तर कामावरून काढू नका. पगारी रजा द्या. नोकरीच्या धास्तीने आजार लपतो आणि लपलेला आजार घरोघरी पोचतो.

उपाय आहे! औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर पूर्वी वीस-वीस महिने उपचार चालत. २०२४ मध्ये केंद्र सरकारने चार औषधांचा सहा महिन्यांचा नवा उपचार मंजूर केला. तो कुणाला लागू पडेल, हे डॉक्टर ठरवतात. सरकारी केंद्रात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, पोषणासाठी महिना १,००० रुपये मिळतात. माहितीसाठी १८००-११-६६६६ वर फोन करा.

आज रात्री जेवणं झाली की पाकिटातल्या गोळ्या मोजा. चुकल्या असतील, तर रागावू नका. उद्या सकाळी त्यांच्यासोबत दवाखान्यात जा.