बढतीचे नियम कामगाराच्या भाषेत हवेत

सिल्वासाच्या कारखान्यांत तलासरी, जव्हारकडील आपली बरीच मुले राबतात. वर्षानुवर्षे हेल्परचा ऑपरेटर होत नाही आणि कालचा नवखा सुपरवायझर होतो, ही तक्रार आम्ही गावोगाव ऐकतो. व्यवस्थापन म्हणते, बढती गुणवत्तेवर दिली. असेलही, पण गुणवत्ता कशी मोजली, हे कामगाराला समजेल अशा भाषेत सांगितले काय?

बढती देणे हा मालकाचा अधिकार, हे आम्हांस मान्य आहे. मात्र तो निरंकुश नाही. युनियनचे काम केले म्हणून बढती नाकारणे, फूट पाडण्यासाठी अपात्राला ती देणे, गुणवत्ता डावलून एका गटाला झुकते माप देणे, या औद्योगिक विवाद कायद्याने अनुचित प्रथा ठरवल्या होत्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही त्या अनुचितच आहेत.

सेवानियम इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराशी लावावेत, असे 1946 चा स्थायी आदेश कायदा सांगत असे. त्याची सक्ती 100 कामगारांपासून होती. नव्या संहितेत ती 300 पासून आहे. लहान कारखान्यातला कामगार त्यामुळे अधिकच उघडा पडला.

दादरा-नगर हवेलीत मराठी, गुजराती, हिंदी बोलणारे एकाच पाळीत उभे असतात. म्हणून केवळ मराठीचा हट्ट आम्ही धरत नाही. ज्येष्ठता यादी व पात्रतेच्या अटी तिन्ही भाषांत फलकावर लावाव्यात, एवढीच आमच्या समितीची मागणी आहे. कामगार बंधूंनीही न समजलेल्या कागदावर सही करू नये. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.