'लोकांची गाडी' कोणत्या लोकांची?

फोक्सवॅगन या जर्मन शब्दाचा अर्थ 'लोकांची गाडी'. पण कोणत्या लोकांची, हा आमचा सवाल आहे.

मे १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने जर्मनीतील कामगार संघटना मोडल्या आणि त्यांची मालमत्ता हडप केली. तोच लुटीचा पैसा या कारखान्यात ओतला गेला. १९३८ मध्ये फालर्सलेबेनजवळ पायाभरणी झाली. आठवड्याला ५ मार्क भरा, गाडी मिळवा, असे गाजर कष्टकऱ्यांना दाखवले गेले. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले. गाडी एकालाही मिळाली नाही. कारखान्यातून बाहेर पडली ती लष्करी वाहने! युद्धकाळात तेथे सुमारे २० हजार वेठबिगार राबवले गेले. त्यांत युद्धकैदी होते, छळछावण्यांतील ज्यू होते, पोलंड आणि सोव्हिएत प्रदेशातून ओढून आणलेल्या स्त्रिया होत्या. या स्त्रियांची तान्ही मुले कंपनीच्या बालगृहात ठेवली गेली. तेथे ३०० हून अधिक बालके दगावली.

युद्धानंतर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कारखाना सावरला. बीटल जगाची लाडकी झाली. वेठबिगार मात्र विस्मरणात गेले. कंपनीने इतिहासकार हान्स मोम्सेन यांच्याकडून आपला काळा इतिहास लिहून घेतला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, हे आम्ही मान्य करतो. पण २ कोटी मार्कांचा निधी निघाला तो थेट १९९८ मध्ये, तोही खटल्यांची चाहूल लागल्यावर. तोवर कितीतरी जण मातीआड गेले होते.

२०१५ मध्ये याच कंपनीची डिझेलच्या धुरातील लबाडी उघड झाली तेव्हा 'प्रतिष्ठेला तडा गेला' अशी ओरड झाली. आम्ही म्हणतो, प्रतिष्ठा इंजिनावर मोजू नका. राबणाऱ्याची मजुरी कधी चुकती केली, त्यावर मोजा!