बाप पाहुणा कसा होतो

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज बाईच्या भल्याचा आहे. सासरच्या रगाड्यातून सुटका, अंगाला तेल, शेक-शेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, शिवाय रात्री मूल रडले तर उठायला हक्काची आई. हे सगळे टिकायलाच हवे. पण या रिवाजात मुलाच्या बापाची जागा कोणती, हे आपण कधी नीट पाहत नाही. तो शनिवार-रविवारी येतो. जावई म्हणून त्याच्यापुढे चहा-पोहे येतात. न्हाऊ-माखू घालून, धुरी देऊन दुपट्यात गुंडाळलेले मूल त्याच्या मांडीवर ठेवले जाते. ते जरा कुरकुरले की ‘असू द्या, तुम्हाला नाही जमायचं’ म्हणत कुणीतरी उचलून नेते. बारशाला तो पेढे वाटतो, फोटो काढतो आणि परततो. तीन-चार महिन्यांनी मायलेकरे घरी येतात, तोवर आईला मुलाचे भुकेचे रडणे आणि झोपेचे रडणे वेगळे ओळखू येऊ लागलेले असते. बापाला लंगोट बांधण्यापासून सुरुवात करायची असते आणि घरात त्याच्याहून सरावलेले माणूस हजर असते. साहजिकच मूल तिच्याकडे जाते. माझे म्हणणे असे की आपल्याकडचा बाप संगोपनातून बाहेर पडतो तो बहुतेक वेळा या पहिल्या महिन्यांत. नोकरी, स्वभाव, वेळ नसणे ही कारणे मागाहून येऊन चिकटतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आईला हे उपजत येते, पुरुषाची घडणच वेगळी. गर्भारपण आणि अंगावर पाजणे या दोन गोष्टी पुरुषाला शक्य नाहीत, हे उघड आहे. पण ढेकर काढणे, अंघोळ घालणे, ताप मोजणे, रात्री खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणे, यांतले कोणते काम स्त्रीच्या शरीरावाचून अडते? पहिलटकरीण तरी ते कुठे पोटातून शिकून येते? आईच्या, आजीच्या, मालीशवाल्या बाईच्या हाताखाली शिकते. पुरुषाच्या शरीराचीही या कामात साथ असते. फिलिपिन्समधल्या सेबू भागातल्या 624 तरुणांची 2005 मध्ये आणि पुन्हा 2009 मध्ये तपासणी झाली. निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. मधल्या काळात जे बाप झाले त्यांचे टेस्टोस्टेरॉन बरेच उतरलेले आढळले आणि रोज तीन तास किंवा अधिक मुलाचे करणाऱ्या बापांमध्ये ते मुलाच्या देखभालीत नसलेल्या बापांपेक्षा कमी होते. एका हार्मोनवरून माया मोजता येत नाही, हे मान्य. पण पुरुषाचा पिंड या कामासाठी नाहीच, असे म्हणणाऱ्याला हा पुरावा ओलांडून जाता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाप राबतो तो मुलांसाठीच, मग त्याच्याकडून आणखी किती मागायचे? कोकणाने हा प्रश्न पिढ्यानपिढ्या जगून पाहिला आहे. चाकरमानी मुंबईत गिरणीत किंवा गोदीत, बायकापोरे गावी. मनीऑर्डर दर महिन्याला, बाप मात्र गणपतीला आणि शिमग्याला. 2011 च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, त्याच्या मुळाशी मुख्यतः हेच स्थलांतर आहे. त्या बापांच्या कष्टांना कमी लेखण्याचे धाडस कुणी करू नये. मात्र त्यांचे दूर राहणे ही सक्ती होती. तिला बापपणाचा आदर्श मानून एका छपराखाली राहणाऱ्या बापानेही तसेच वागावे, हे कुठले न्यायाचे? आणि कमाईचे कारण खरे असते, तर जिथे दोघे कमावतात तिथे मुलाचे करणेही निम्मे-निम्मे झाले असते. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; उचल जोडीची, तोड दोघांची. तरी फडातून कोपीवर परतल्यावर चूल आणि मूल तिच्याच वाट्याला. शहरातल्या दोन पगारांच्या घरांत चित्र फारसे निराळे नाही. केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, रोज सुमारे 140 मिनिटे, पुरुष 21.4 टक्के आणि तेही 74 मिनिटे.

कुणी जिजाऊंचे उदाहरण देईल, एकट्या आयांनी वाढवलेल्या असंख्य कर्तबगार माणसांचे देईल. ती उदाहरणे खरी आहेत. बापाविना मूल बिघडते, असे मी म्हणतच नाही. तसे म्हणणे त्या आयांचा अपमान ठरेल. माझा प्रश्न घरात असलेल्या बापाचा आहे. त्याच्या असण्याचा उपयोग फक्त धाक दाखवायला, फी भरायला आणि प्रगतिपुस्तकावर सही करायला होणार असेल, तर मुलाचे एक हक्काचे माणूस फुकट गेले. धाकाचे तर विशेष वाईट. ‘बाबा येऊ देत, मग बघते’ ऐकत वाढलेले पोर अडचणीत सापडले की ती आधी बाबांपासूनच लपवते.

व्यवस्थाही या पाहुणेपणाला हातभार लावते. सरकारी दवाखान्यात मिळते ते माता-बाल संरक्षण कार्ड. शाळेत माता-पालक संघ असतो. 2017 च्या दुरुस्तीने आईची पगारी रजा 26 आठवडे झाली, ते योग्यच झाले. खासगी नोकरीतल्या बापाला मात्र अशी रजा देणारा केंद्रीय कायदा नाही. त्याच वर्षी हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. रजा दिली तरी पुरुष घेणार नाहीत, ही शंका नॉर्वेतही होती. तिथे रजा मिळत असूनही शंभरात जेमतेम तीन-चार बाप ती घेत. 1993 मध्ये चार आठवडे खास बापासाठी राखून ठेवले, त्याने न घेतल्यास ते बुडणार असा नियम केला आणि काही वर्षांतच बहुसंख्य बाप ती घेऊ लागले. राखीव रजा ठेवल्याने साहेबापुढे संकोचून उभे राहण्याची गरज संपली. आपल्याकडे असा कायदा होईपर्यंत कंपन्यांना स्वतःहून हे करायला कुणाची आडकाठी नाही.

घरातल्या मोठ्यांना माझी विनंती आहे की जावयाच्या हातात मूल रडले तर लगेच उचलू नका. दहा मिनिटे त्याला धडपडू द्या. आणि केंद्र सरकारच्या नोकरीतल्या तरुण बापांसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांना मिळणारी 15 दिवसांची रजा बारशाच्या गडबडीत संपवावी लागत नाही. ती मूल जन्मल्यापासून सहा महिन्यांपर्यंत घेता येते. म्हणजे मायलेकरे माहेरून परततील, घरात आजी नसेल आणि दिवसरात्र दोघांनाच बघायचे असेल, त्या पंधरवड्यासाठी ती राखून ठेवता येते.