सहलीच्या पत्रकात न छापलेला थांबा

राजस्थानच्या सहलीला निघालेल्या मराठी माणसाच्या खिशात घरच्यांनी दिलेली यादी असतेच. सासूबाईंना लाखेच्या बांगड्या, सुनेला सांगानेरी कापड, नातवाला जयपुरी रजई, दिवाणखान्याला निळ्या चिनी मातीसारखी दिसणारी एखादी फुलदाणी. यादी चोखंदळ असते आणि ज्या शहरात ती पुरी करायची ते शहर तर या वस्तूंचं माहेरच. तरीही सहलीहून आलेल्यांच्या पिशव्या उघडल्या की मला वाईट वाटतं. त्यातला बराचसा माल जयपूरच्या बाजारातून आलेलाच नसतो. तो आमेर रस्त्यावरच्या एखाद्या मजल्यामजल्यांच्या दुकानातून आलेला असतो, जिथे गाडी न विचारता थांबली.

हा थांबा बहुतेक सहलींत सारखाच असतो. सकाळी आमेरचा किल्ला, उतरताना जलमहालासमोर फोटो, आणि मग गाडी एका मोठ्या फाटकातून आत वळते. ‘सरकारमान्य कारखाना आहे, घ्यायची सक्ती नाही, नुसतं बघा,’ असं मार्गदर्शक सांगतो. फाटकावरचा माणूस वहीत गाडीचा नंबर टिपून घेतो. आत एका लांब टेबलाशी कारागीर उभा असतो. पांढऱ्या कापडावर तो लाकडी ठसा ठेवतो, मुठीनं ठोकतो आणि हत्तीची बाह्यरेषा उमटते. दुसऱ्या ठशानं हत्तीचं अंग भरतं, तिसऱ्यानं झूल, चौथ्यानं त्यावरची नक्षी. मग तो कापड पाण्यात बुडवतो, रंग डोळ्यांदेखत पालटतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. त्या माणसाचा हात खरा असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण टाळ्या वाजवून वरच्या मजल्यावर गेल्यावर जी चादर समोर उलगडली जाते ती त्याच हातानं छापलेली आहे, असं कुणीही सांगत नाही. ते आपण मनाशी धरून बसतो. चहा येतो, आणि मग गालिचे, शाली, खडे, संगमरवरी हत्ती अशी मजल्यामागून मजल्यानं खरेदी सुरू होते.

गाडी इथेच का थांबते, याची दोन कारणं आहेत. पहिलं अगदी साधं: जुन्या शहराच्या तटाआत मोठी बस उभी करायला जागा नाही आणि आमेर रस्त्यावरच्या दुकानांपुढे ऐसपैस अंगण आहे. दुसरं कारण त्या वहीत आहे. गाडीतल्या लोकांनी जेवढ्याची खरेदी केली, त्यातला ठरलेला हिस्सा चालकाला, मार्गदर्शकाला आणि कित्येकदा सहल काढणाऱ्यालाही मिळतो. पर्यटनाच्या धंद्यात हे उघड गुपित आहे. तो हिस्सा दुकानदार स्वतःच्या नफ्यातून देत नाही. तो आधी किमतीत चढवतो आणि मग पन्नास टक्के सूट देऊन आपल्याला खूश करतो.

चालकांना दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. तुटपुंज्या पगारावर रात्रंदिवस गाडी हाकणाऱ्या माणसाचं घर कित्येकदा याच पैशावर चालतं. सहल काढणाऱ्यांत दर पाडायची चढाओढ लागते, कारण आपण चार पत्रकं शेजारी ठेवून सर्वांत स्वस्त सहल निवडतो. तो दर परवडत नसतोच. उरलेली तूट दुकानाच्या गल्ल्यातून भरून निघते. म्हणजे सहलीचे पैसे आपण दोनदा भरतो, एकदा कंपनीच्या कार्यालयात आणि दुसऱ्यांदा आमेर रस्त्यावर. दुसऱ्यांदा भरलेल्या पैशाची पावती ‘चादर’ या नावानं निघते, इतकाच फरक. यात सर्वांत कमी येतं ते चादर छापणाऱ्याच्या वाट्याला.

हे जयपूरमध्ये घडतं म्हणून जास्त लागतं. सवाई जयसिंगानं १७२७ मध्ये या शहराचा पाया घातला तो बाजार डोळ्यांसमोर ठेवून. विद्याधर भट्टाचार्यांच्या आराखड्यात रुंद सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना एकसारखी दर्शनी दुकानं आणि मागे कारागिरांचे मोहल्ले असा हिशेब होता. दरबाराच्या पदरी छत्तीस कारखाने होते. व्यापारी आणि कसबी लोक ठिकठिकाणांहून बोलावून आणून वसवले. युनेस्कोनं २०१९ मध्ये या तटबंद शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात या नगररचनेइतकाच तिथे आजही चालणाऱ्या कारागिरीचा वाटा आहे. असं शहर पाहायला जायचं, हवामहालासमोर रस्त्यावरूनच फोटो काढायचा आणि खरेदी तटाबाहेर करायची, याला काय म्हणावं?

हवामहालापासून चालत त्रिपोलिया बाजारात यायला थोडी मिनिटं लागतात. तिथून मणिहारों का रास्ता फुटतो. आपल्याकडे जसे कासार तसे तिथे मणिहार. पिढ्यान्‌पिढ्या लाखेच्या बांगड्या करणारी ही घरं. दुकानाच्या उंबऱ्याशी निखाऱ्यांची शेगडी असते. जाड काठीच्या टोकाला लाखेचा गोळा थापलेला, त्यावर रंगीत लाखेचा पातळ थर. गोळा निखाऱ्यावर फिरवत कारागीर तो मऊ करतो, लाकडी पट्टीनं दाबत लांब सुतळीसारखी वळी ओढतो, तोडतो, गोल जोडतो आणि निमुळत्या लाकडी दांड्यावर चढवून मापात आणतो. सगळं सुरू असताना त्याची नजर समोरच्या बाईच्या मनगटावर असते. खडे हवे असतील तर चिमट्यानं एकेक तापवून बसवतो. बांगडी घट्ट झाली तर गरम करून सैल करून देतो. हे कुठल्याही मजल्यावर मिळणार नाही. या गल्लीतही प्लॅस्टिकच्या आणि धातूच्या बांगड्या ढिगानं लटकलेल्या असतात, तेव्हा लाखेची हवी असेल तर शेगडीपाशीच थांबावं. आणि घरी आणल्यावर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत विसरू नये. लाख मऊ पडते.

छापील कापडाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त फसगत तिथे होते. सांगानेर आणि बगरू ही जयपूरजवळची छिपा कारागिरांची गावं. सांगानेरची ओळख पांढऱ्या जमिनीवरच्या नाजूक फुलबुट्टीची. बगरूचं कापड मातकट, लाल-काळ्या रंगाचं. हिरड्याच्या पाण्यात बुडवलेलं, तुरटीवर लाल आणि गुळाबरोबर आंबवलेल्या गंजक्या लोखंडावर काळं उमटवलेलं. तिथली दाबू छपाई तर चिखलाचीच. चिकणमाती, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचं पीठ यांचा लगदा ठशानं कापडावर उठवायचा, कापड रंगात बुडवायचं, आणि चिखल धुतल्यावर झाकलेली जागा कोरी निघते. दोन्ही छपायांना भौगोलिक मानांकन आहे. पण त्याच सांगानेरात आज जाळीच्या चौकटीतून सपासप रंग ओढणारी, म्हणजे स्क्रीनची, छपाई फार मोठ्या प्रमाणावर चालते, आणि तिचा माल ‘हातछपाई’ म्हणून खुशाल विकला जातो.

ओळखायचं कसं? कापड उजेडात पसरावं आणि एकच फूल निवडून त्याच्या चार भावंडांशी ताडून पाहावं. ठशाच्या छपाईत रेषेचा एक ठसा, भरणीचा दुसरा आणि जमिनीचा तिसरा असतो. कारागीर त्यांना रेख, दत्ता आणि गद म्हणतात. हे तिन्ही दर वेळी केसाइतके तरी हलतात. कुठे लाल रंग पाकळीबाहेर डोकावतो, कुठे ठसा संपून दुसरा सुरू होतो तिथे रेषा किंचित दुहेरी होते. सगळी फुलं तंतोतंत सारखी दिसली तर ते हाताचं काम नव्हे. मग कापड उलटं करून पाहावं. चांगल्या ठशाचा रंग बऱ्यापैकी आरपार गेलेला असतो, स्क्रीनचा बहुधा वरवर बसतो. स्क्रीनचं कापड घेऊच नये असं मी म्हणत नाही. रोजच्या वापराला ते छान आणि स्वस्त. स्क्रीनचं आहे हे सांगून स्क्रीनच्या भावात द्यावं, एवढंच.

निळ्या भांड्यांचीही गोष्ट अशीच. जयपूरची ब्ल्यू पॉटरी चिकणमातीची नसतेच. गारगोटीची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक यांचं ते मळण असतं. ते चाकावर नीट चढत नाही, म्हणून साच्यात दाबून आकार देतात. निळा रंग कोबाल्टचा, पिरोजी तांब्याचा. गेल्या शतकात ही कला मरणपंथाला लागली होती. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि महाराणी गायत्रीदेवी यांचं पाठबळ आणि चित्रकार कृपालसिंह शेखावत यांचा हात यांमुळे ती वाचली. हवामहालाच्या आसपासच्या भेटवस्तूंच्या दुकानांत याच रंगाचे साधे सिरॅमिकचे पेलेही मांडलेले असतात. टणक, चकचकीत, अगदी एकसारखे आणि फार स्वस्त असतील तर ते बहुधा तेच.

रजईचं म्हणाल तर विक्रेता ती चिमुकल्या पिशवीत कोंबून दाखवतो आणि सगळे थक्क होतात. त्या करामतीनं काही सिद्ध होत नाही. पाव किलो कापूस तासन्‌तास पिंजून केलेली खरी रजई हलकी असते आणि पॉलिस्टर भरलेलीही हलकीच असते. शिवणीतून दोन तंतू काढून जाळायची परवानगी मागावी. कापूस कागदासारखा जळून त्याची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा मणी होतो. परवानगी मिळाली नाही तर उत्तर मिळालंच. अंगठीतून काढून दाखवलेल्या ‘पश्मिना’ शालीचंही हेच. पातळ व्हिस्कोजची शालही अंगठीतून जाते. आणि खडे? रत्नांना पैलू पाडण्यात जयपूरचं नाव जगभर आहे, म्हणूनच नवख्या माणसानं सहलीच्या अर्ध्या तासात पाचू घेऊ नये. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र नसेल तर मुळीच नाही.

माझं सांगणं असं की आधी डोळा तयार करावा. अल्बर्ट हॉल हे १८८७ मध्ये उघडलेलं संग्रहालय केवळ राजेशाही हौस म्हणून उभं राहिलं नाही. कारागिरांनी चांगले नमुने पाहावेत हा त्यामागचा मोठा हेतू होता. तो आपल्यालाही लागू पडतो. आमेरमध्येच जुन्या हवेलीत हातछपाईचं अनोखी संग्रहालय आहे, तिथे विकायची घाई न करता ठसा कसा कोरतात ते दाखवतात. त्यानंतर मिर्झा इस्माईल रस्त्यावरच्या राजस्थली या राज्य सरकारच्या दुकानात जाऊन भाव पाहून घ्यावेत. तिथे घासाघीस नाही, त्यामुळे एक आधारभाव हाती येतो. मग जोहरी बाजार, बापू बाजार, गल्ल्या. जुन्या शहरातली बरीच दुकानं रविवारी बंद असतात, हे सहलीचा दिवस ठरवतानाच पाहावं.

बिल पक्कं घ्यावं. ‘कच्चं घेतलंत तर कर वाचेल,’ हे ऐकून हुरळू नये. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीनंही घाबरू नये. माल सदोष असेल तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, तो परत घ्यायला नकार देणं हीदेखील त्याच कायद्यानं अनुचित प्रथा ठरते. सर्वांत उपयोगाची तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे: तक्रार दुकानाच्या गावी जाऊन करावी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. जयपूरला घेतलेल्या चादरीची दाद साताऱ्यात मागता येते. दुकानदाराचा भरवसा असतो तो आपण परत येणार नाही यावर, आणि कायद्यानं तो भरवसा काढून घेतलेला आहे. बिलावर मात्र ‘चादर’ एवढंच न लिहिता ‘हातछपाई, सुती’ असं लिहून घेतलेलं असलं पाहिजे, नाहीतर आयोगापुढे दाखवायला हातात काहीच राहत नाही.

सहल काढणाऱ्यांकडे माझं मागणं वेगळं आहे. पत्रकात जयपूरच्या दिवसापुढे किल्ला, महाल, वेधशाळा अशी नावं असतात. त्यांच्यासोबत दुकानाचं नाव छापा, तिथे किती वेळ थांबणार ते छापा, आणि तिथून आपल्याला मोबदला मिळतो हेही छापा. मोबदला घेऊ नका असं मी म्हणत नाही. लपवू नका म्हणतो. ज्याला त्या दुकानात जायचं नाही त्याला तेवढ्या वेळासाठी जुन्या शहराच्या सांगानेरी दरवाज्याशी उतरू द्या. सहलीचा दर त्यामुळे थोडा वाढणार असेल तर तोही उघड वाढवा, मराठी प्रवासी एवढा अरसिक नाही.

हिवाळ्याच्या सहलींची नोंदणी आता सुरू झाली आहे. पैसे भरण्याआधी कार्यालयात विचारा, आणि उत्तर लेखी मागा: खरेदीचे थांबे किती, कोणत्या दुकानांत, तिथून तुम्हाला काय मिळतं? ज्या कंपन्या सरळ लेखी उत्तर देतील त्यांची नावं मला कळवा. खातरजमा करून ती मी या सदरात छापीन.